भाग ३७ : आजीचा हात आणि एफ/२.८ : स्वस्त 'फास्ट' झूमचा इतिहास

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)

आज सुरुवात एका बिघडलेल्या फोटोपासून करतो.

२०१३ चा एप्रिल. कराडजवळ आमचं गाव, घरासमोर अंगण, आणि अंगणात माझ्या चुलत बहिणीची हळद. लग्नाचा फोटोग्राफर दुसऱ्या दिवशी येणार होता, त्यामुळे हळदीचे फोटो काढायचं काम माझ्याकडं. माझ्याकडं म्हणजे आप्पांनी नुकत्याच घेऊन दिलेल्या डीएसएलआरकडं. त्यावर डब्यातून आलेली १८-५५ लेन्स. किट लेन्स. मला वाटायचं, एवढा मोठा कॅमेरा आहे, आता काय, सगळे फोटो मासिकातल्यासारखे येणार.

संध्याकाळी सातची वेळ. मांडवाला दोन पिवळे बल्ब. पहिले दोन-तीन फोटो फ्लॅशवर काढले, तर आजी म्हणाली, "अरे, डोळ्यात जातंय ते." म्हणून फ्लॅश बंद केला. मग आजी उठली, ताईच्या गालाला हळद लावायला. मी गर्दीत मागं होतो, म्हणून झूम पुढं ढकलला, थेट ५५ वर. दाबलं. आजीनं हात तसाच धरला आणि विचारलं, "झालं का तुझं? हात दुखायला लागला."

म्हटलं, "झालं, आजी."

झालं नव्हतं. रात्री लॅपटॉपवर बघितलं तर ताईचा चेहरा जेमतेम ओळखू येतोय, आणि आजीचा हात म्हणजे नुसता पिवळा पट्टा. सगळ्या सात-आठ फोटोंत तेच. त्याच वर्षी दिवाळीनंतर आजी गेली. तिचे फोटो आहेत आमच्याकडं, पण बहुतेक सगळे ओळखपत्रासाठी काढल्यासारखे, ताठ बसलेले. काहीतरी करताना, हसताना असे तेवढेच होते. आणि तेच हललेले.

पुढं बरेच महिने मी एकच प्रश्न घेऊन बसलो होतो : कॅमेरा चांगला, मी काही अगदी हात थरथरवणारा नाही, मग चुकलं कुठं? आणि त्याचं उत्तर शोधता शोधता मी थेट १८४० सालच्या व्हिएन्नात पोचलो. आजचा भाग त्या प्रवासाचा. तुमच्यापैकी बरेच जण मेसेज करून विचारतात ना, "दादा, किट लेन्स काढून स्वस्तातली फास्ट झूम कुठली घेऊ?" त्याचंही उत्तर यातच आहे. फक्त ते मॉडेल नंबरच्या रूपात नाहीये.

आधी थोडं गणित

घाबरू नका, चौथीचं गणित आहे.

लेन्सवर जे एफ/३.५, एफ/५.६ असं लिहिलेलं असतं, तो भागाकार आहे. फोकल लेंग्थला लेन्समधल्या प्रकाशाच्या भोकाच्या व्यासानं भागायचं. माझी किट लेन्स १८ वर एफ/३.५ उघडायची, पण ५५ वर गेली की जास्तीत जास्त एफ/५.६. म्हणजे ५५ भागिले ५.६, साधारण १० मिलिमीटरचं भोक. तीच लेन्स ५५ वर एफ/२.८ उघडणारी असती, तर भोक जवळपास २० मिलिमीटरचं झालं असतं. व्यास दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. चौपट प्रकाश.

आता हे हळदीच्या अंगणात आणा. माझ्या फोटोचा शटर स्पीड निघाला एक पंधरांश सेकंद. चौपट प्रकाश असता तर एक साठांश सेकंद झाला असता. एक पंधरांशात हळद लावणारा हात पुसला जातो. एक साठांशात तो बहुधा हात म्हणून दिसतो. माझा सगळा प्रश्न एवढाच होता.

आणि गंमत बघा, किट लेन्स प्रकाश सोडते तो नेमका कधी? तुम्ही झूम करून चेहऱ्याजवळ जाता तेव्हा. जिथं प्रकाश सगळ्यात जास्त हवा, तिथंच ती हात आखडते. एफ/२.८ ची 'कॉन्स्टंट अ‍ॅपर्चर' झूम १७ वरही एफ/२.८ आणि ५० वरही एफ/२.८. लोक तिच्यामागं लागतात ते यासाठी. 'फास्ट' हा शब्दही तिथूनच आलाय : जास्त प्रकाश, म्हणून शटर जलद.

व्हिएन्ना, १८४०

१८३९ साली पॅरिसमध्ये दगेरची फोटोग्राफी जगासमोर आली. पण त्या पहिल्या कॅमेऱ्यांची लेन्स साधारण एफ/१५ च्या आसपासची. भर उन्हातसुद्धा मिनिटं लागायची. इमारत हलत नाही, म्हणून इमारतींचे फोटो यायचे. माणूस? माणसाला खुर्चीत बसवून डोक्यामागं लोखंडी टेकू लावायचे, हलू नये म्हणून. म्हणजे "आजी, हात धर तसाच" हा प्रकार तेव्हापासूनचा आहे.

हा प्रश्न सोडवायला जो माणूस बसला तो भिंगवाला नव्हताच. योझेफ पेट्झवाल, व्हिएन्ना विद्यापीठातला गणिताचा प्राध्यापक. तोपर्यंत लेन्स बनवायचे ती बरीचशी अंदाजानं, घासून बघायचं, पुन्हा घासायचं. पेट्झवालनं ती कागदावर मांडली. आकडेमोड इतकी होती की मदतीला ऑस्ट्रियन तोफखान्यातले हिशेबात पक्के असलेले सैनिक दिले गेले. तोफगोळ्यांचे मार्ग काढणारी माणसं प्रकाशकिरणांचे मार्ग काढत बसली. १८४० मध्ये डिझाइन तयार झालं आणि व्हिएन्नातल्याच फोइग्टलेंडर या कारखानदारानं ते घडवलं. एफ/३.६. आधीच्या लेन्सपेक्षा पंधरा-वीस पट प्रकाश! मिनिटांचं काम सेकंदांवर आलं आणि माणसांचे फोटो काढणं हा धंदा होऊ शकला.

आता कान देऊन ऐका, कारण पुढचं सगळं इथून निघतं. पेट्झवालला हा प्रकाश फुकट मिळाला नाही. त्याच्या लेन्सचा मधला भाग धारदार, पण कडा मऊ, भोवऱ्यासारख्या फिरलेल्या. त्यानं कडांवर पाणी सोडलं. का? कारण पोर्ट्रेटमध्ये चेहरा मध्यभागी असतो. कोपऱ्यात पडदा आहे की कुंडी आहे, कुणाला पडलंय? काय सोडायचं हे त्यानं बरोबर ओळखलं होतं.

पैशावरून पुढं पेट्झवाल आणि फोइग्टलेंडर यांचं बिनसलं. पण तोवर इतर कारखानेही तशाच घडणीच्या लेन्स काढायला लागले होते. मूळ कंपनीची महाग वस्तू आणि दुसऱ्याची परवडणारी, ही गोष्ट सिग्मा-टॅमरॉनच्या शंभर वर्षं आधीची आहे, बरं का.

हे वारं आपल्याकडंही लवकर आलं. मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली १८५४ साली. पुढं सावे दादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १८९९ मध्ये चलचित्र घेतलं ते हँगिंग गार्डनच्या कुस्तीचं. उघड्यावर, दिवसाढवळ्या. तेव्हाच्या फिल्मला ऊनच लागायचं. संध्याकाळी सातची हळद त्या काळात कुणाच्या हाती लागली नसती.

झूम आली कुठून?

आतापर्यंतच्या लेन्स म्हणजे एकच फोकल लेंग्थ. जवळ जायचं तर पायानं जायचं. फोकल लेंग्थ बदलता येणारी लेन्स आधी सिनेमात रुळली. १९३२ ची कुक व्हारो ही एक जुनी नावाजलेली सिनेझूम, ४० ते १२० मिलिमीटर. सिनेमात आधी का? चालत्या चित्रात एका फ्रेमचे दोष डोळ्यात भरत नाहीत. तेच स्थिर फोटोत प्रेक्षक पाच मिनिटं बघत बसतो.

झूममध्ये आणखी एक अडचण होती. काचा पुष्कळ लागतात, आणि प्रत्येक काचेचा पृष्ठभाग चार-पाच टक्के प्रकाश मागं फेकतो. वीसेक पृष्ठभाग असतील तर निम्म्याहून जास्त प्रकाश वाटेतच गेला. १९३५ साली झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ थर देऊन हे परावर्तन कमी करायची पद्धत काढली. आज लेन्सवर जांभळट-हिरवट चमक दिसते ना, ती कोटिंगची. ते नसतं तर झूम लेन्स अंधारीच राहिली असती.

मग येतात फ्रँक बॅक. मूळचे व्हिएन्नाचे, नंतर अमेरिकेत गेलेले. १९४० च्या दशकाच्या शेवटी त्यांची 'झूमार' लेन्स टीव्हीवाल्यांच्या हाती आली आणि खेळांच्या प्रक्षेपणात झूम दिसायला लागला. १९५९ मध्ये त्यांनी डिझाइन केलेली फोटो-कॅमेऱ्याची झूम बाजारात आली : फोइग्टलेंडर झूमार, ३६ ते ८२ मिलिमीटर. ३५ मिलिमीटरच्या फोटो-कॅमेऱ्यासाठी विक्रीला आलेली ही पहिली झूम. फोइग्टलेंडर, म्हणजे पेट्झवालची लेन्स घडवणारं तेच नाव, आणि डिझायनर पुन्हा व्हिएन्नाचाच.

तिचं अ‍ॅपर्चर किती होतं सांगू? एफ/२.८. सगळ्या झूमभर.

हे वाचलं तेव्हा मी दोनदा तपासलं. १९५९ ची पहिलीच झूम एफ/२.८, आणि २०१३ ची माझी ५५ वर एफ/५.६? ५४ वर्षांत आपण मागं आलो की काय?

उत्तर वस्तू बघितल्यावर कळतं. झूमारमध्ये १४ काचा, आणि पुढच्या तोंडाला ९५ मिलिमीटरचा फिल्टर. जेवणातल्या छोट्या ताटलीएवढं तोंड! माझ्या किट लेन्सचं तोंड त्याच्या जवळपास निम्म्यावर. झूमार महाग होती, जड होती, आणि कडांना मऊच होती. म्हणजे एफ/२.८ ची झूम बनवता येते का, हा प्रश्न १९५९ मध्येच सुटला होता. राहिला तो दुसरा : ती साध्या माणसाच्या खिशात आणि पिशवीत बसेल का?

किट लेन्स अंधारी का झाली?

घरात कुणाचा जुना फिल्म कॅमेरा असेल तर त्यावरची लेन्स बघा. बहुतेक ५० मिलिमीटर, एफ/१.८ किंवा एफ/२. तेव्हा कॅमेऱ्याबरोबर हीच यायची. झूम होत नाही, पण प्रकाश? माझ्या ५५ वरच्या किट लेन्सपेक्षा आठ-दहा पट.

१९८० च्या दशकात हळूहळू तिची जागा ३५-७० सारख्या छोट्या झूमनं घेतली. १९८७ मध्ये कॅननची ईओएस मालिका आली तेव्हा तिच्यासोबतची साधी झूम होती ३५-७०, एफ/३.५-४.५. पुढं ३५-८० आली, एफ/४-५.६. लोकांनी तक्रार केली नाही, कारण दुकानात झूम फिरवून बघायला मजा येते, फिल्म आधीपेक्षा संवेदनशील झाली होती, आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश उगवायला लागला होता. कंपन्यांनी हिशेब केला : प्रकाश सोडा, सोय आणि किंमत धरा. वाईट हिशेब नव्हता. फक्त तो दिवसाच्या उजेडाचा हिशेब होता.

२००३ साली कॅनननं ३००डी आणला, अमेरिकेत हजार डॉलरच्या आतला डीएसएलआर. त्याच्यासोबत १८-५५, एफ/३.५-५.६. वजन दोनशे ग्रॅमच्या आत, माउंटसुद्धा प्लास्टिकचा. हौशी माणसाला डिजिटल परवडायला लागलं ते अशा हलक्या लेन्समुळंही. त्यामुळं किट लेन्सला नावं ठेवताना थोडं जपून. ती नसती तर आप्पांनी मला कॅमेरा घेऊन दिला असता का, शंकाच आहे. तिच्यात काय सोडलंय ते मला माहीत नव्हतं, एवढंच.

दुसऱ्यांच्या कारखान्यातून

आता या गोष्टीतले माझे आवडते लोक. जपानमधले असे कारखाने, जे कॅमेरे विकून नाही तर दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांना लेन्स बनवून मोठे झाले.

टॅमरॉनची सुरुवात १९५० ची. १९५७ मध्ये त्यांनी टी-माउंट काढला. कल्पना साधी : लेन्स एकच, मागची रिंग बदला, म्हणजे ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांवर बसते. दुकानदाराला शेल्फवर दहा प्रकार ठेवायला नकोत, गिऱ्हाइकानं कॅमेरा बदलला तरी लेन्स राहते. सिग्मा १९६१ ची, मिचिहिरो यामाकी यांनी सुरू केलेली, कारखाना फुकुशिमा प्रांतातल्या आइझूत.

ऑटोफोकस आला आणि यांची परीक्षा सुरू झाली. आता लेन्स आणि बॉडी एकमेकांशी विजेच्या भाषेत बोलायला लागल्या, आणि ती भाषा ज्याची त्याच्या घरातली. बाहेरच्यांनी ती ऐकून ऐकून शिकायची. त्यामुळं बाहेरच्या काही जुन्या लेन्स पुढच्या काळातल्या बॉडीवर चालेनाशा झाल्या, चिप बदलावी लागली. सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा : लेन्स बसते म्हणजे चालते असं नाही.

प्रेसवाल्यांसाठी मूळ कंपन्यांच्या एफ/२.८ झूम तोपर्यंत होत्या. निकॉनची ३५-७० १९८७ ची, कॅननची २८-७० १९९३ ची. पण त्यांच्या किमती वर्तमानपत्रांना परवडणाऱ्या. २००३ मध्ये टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ आली. जास्त अपवर्तनांकाची काच वापरून त्यांनी ती आखूड आणि हलकी केली, आणि २८-७० च्या वाटेवर साध्या फोटोग्राफरला आणून सोडलं.

तिथं एक नवी अडचण उभी राहिली. स्वस्त डीएसएलआरचा सेन्सर फिल्मपेक्षा लहान. त्यावर २८ मिलिमीटर म्हणजे फिल्मवरच्या ४२-४५ सारखी. मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात उभं राहिलात तर अर्धे पाहुणे फ्रेमबाहेर! लहान सेन्सरसाठी नवी, १७-१८ पासून सुरू होणारी झूम हवी होती. निकॉनची १७-५५ एफ/२.८ होती, पण ७५५ ग्रॅमची. २००६ मध्ये कॅननची १७-५५ आली, स्टॅबिलायझेशनसह, ६४५ ग्रॅम. आणि त्याच वर्षी टॅमरॉनची १७-५०, एफ/२.८, साधारण ४३५ ग्रॅम, किंमत मूळ कंपन्यांच्या कितीतरी खाली.

मग टॅमरॉननं काय सोडलं? स्टॅबिलायझेशन नाही. फोकसची मोटर साधी, आवाज करणारी. आणि ५५ ऐवजी ५० वर थांबली. काचेला मात्र धक्का लावला नाही. पेट्झवालनं कडा सोडल्या होत्या, यांनी आराम सोडला.

२००९ मध्ये तिचीच स्टॅबिलायझेशनवाली आवृत्ती आली, २०१० मध्ये सिग्माची १७-५०, तीही स्टॅबिलायझेशनसह, साधारण ५६५ ग्रॅम. २०१३ मध्ये, म्हणजे आमच्या घरच्या हळदीच्याच वर्षी, सिग्मानं १८-३५ आणली, सगळ्या झूमभर एफ/१.८. या सेन्सरच्या डीएसएलआरवर असं आधी कुणी केलं नव्हतं. पण ८१० ग्रॅम, झूम जेमतेम दुप्पट, आणि स्टॅबिलायझेशन नाही. पुन्हा तोच हिशेब, वेगळ्या ठिकाणी सोडलेला.

बोरा बाजार

२०१५ मध्ये नोकरी लागली आणि मी मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात गेलो, सेकंडहँड लेन्स बघायला. काउंटरमागं साठीचे एक काका. म्हटलं, "काका, एफ/२.८ ची झूम दाखवा, स्वस्तातली."

ते म्हणाले, "दाखवतो. पण आधी सांग, अंधारात कशाचे फोटो काढतोस? देवळाचे की माणसांचे?"

मी म्हटलं, "माणसांचे. घरच्यांचे."

"मग स्टॅबिलायझर नसलेली घे. निम्मे पैसे वाचतील."

मला पटेना. मग त्यांनी समजावलं ते असं. स्टॅबिलायझेशन तुझा हात स्थिर करतं. समोरच्याचा नाही. देऊळ हलत नाही, तिथं त्याचा खूप उपयोग. पण नाचणारी पोरं, हळद लावणारा हात, ते थांबवायचं तर शटरच जलद पाहिजे. आणि शटर जलद हवं तर प्रकाश पाहिजे.

मी तिथंच गप्प झालो. दोन वर्षं मी हाच प्रश्न घेऊन फिरत होतो.

मग त्यांनी विचारलं, "बॉडीत फोकसची मोटर आहे ना? काल एक मुलगा दुसरीकडून लेन्स घेऊन आला रडत, फोकसच होत नाही म्हणून." ही चूक आजही लोक करतात. निकॉनच्या डी४० सारख्या आणि नंतरच्या ३००० आणि ५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. टॅमरॉन १७-५० ची निकॉनसाठीची पहिली आवृत्ती लेन्समध्येही मोटर नसलेली. दोन्ही एकत्र आल्या की हातानं फोकस करत बसा. नंतरच्या आवृत्तीत मोटर घातली, पण बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. विचारल्याशिवाय घेऊ नका.

लेन्स हातात दिल्यावर काकांनी मोबाइलचा टॉर्च मागून पुढं मारून दाखवला. आत जाळ्यासारखं काही दिसतंय का? ती बुरशी. मुंबई आणि कोकणच्या पावसाळ्यात काचेला बुरशी लागते, आणि ती काढणं महागात पडतं. नंतर भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून समोरून सरळ एक फोटो, एफ/२.८ वर. चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून बघायची. चारही थोडी मऊ असतील तर चालेल, ती जातच तशी. पण एकच कोपरा बाकीच्यांपेक्षा खराब असेल तर आतली काच तिरकी झालीय. ती ठेवून द्यायची.

मी १७-५० घेतली, स्टॅबिलायझर नसलेली. ब्रँडचं नाव मुद्दाम घेत नाही, जाहिरात नको. फोकस करताना घरघर करते, व्हिडिओत तो आवाज येतो. ते मला माहीत होतं, आणि मी व्हिडिओ काढत नाही.

आज काय?

आता तुमच्यातले बरेच जण मिररलेसवर आहात. इथं एक दार उघडलं ते सोनीनं : २०११ मध्ये त्यांनी ई-माउंटची मूलभूत माहिती इतर कंपन्यांना द्यायला सुरुवात केली. म्हणून तिथं बाहेरच्या लेन्सची आज एवढी गर्दी आहे. कॅननच्या आरएफ माउंटला ऑटोफोकसच्या सिग्मा आणि टॅमरॉन लेन्स परवान्यानं मिळायला २०२४ उजाडलं. कॅमेरा घेताना हेही बघायचं असतं : या माउंटला परवडणाऱ्या लेन्स कोण बनवतं?

पण हिशेब बदललेला नाही. २०१८ ची टॅमरॉन २८-७५ घ्या. मोठ्या सेन्सरच्या सोनीसाठी, ५५० ग्रॅम, आणि सोनीची स्वतःची तेव्हाची २४-७० जीएम ८८६ ग्रॅम. कसं जमलं? बरंचसं त्या सुरुवातीच्या चार मिलिमीटरांत : २४ ऐवजी २८. छोट्या खोलीत फोटो काढणाऱ्याला ते चार मिलिमीटर बोचतात, बाहेर फिरणाऱ्याला कळतही नाहीत. २०२१ ची सिग्मा १८-५० एफ/२.८ बघा, फक्त २९० ग्रॅम. तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही, आणि वाकलेल्या रेषा सरळ करायचं काही काम कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरवर सोडलंय. फोटोला झकास. पण तुमच्या बॉडीतही स्टॅबिलायझेशन नसेल आणि तुम्ही चालत चालत व्लॉग करत असाल, तर त्याच वर्षीची टॅमरॉन १७-७० जास्त कामाची. तिच्यात स्टॅबिलायझेशन आहे, पण वजन ५२५ ग्रॅम.

आणि खरं सांगायचं तर काहींना झूम नकोच आहे. एक चेहरा, एक खोली, बजेट अगदी कमी असेल तर जुनी ५० मिलिमीटर एफ/१.८ सगळ्यात स्वस्त प्रकाश देते. मी ती का नाही घेतली? लहान सेन्सरवर ती ७५-८० सारखी होते, आणि आमच्या अंगणात मागं सरायला भिंत आडवी येते.

तर "कुठली घेऊ" याचं माझं उत्तर असं. स्वस्त एफ/२.८ झूममध्ये कुणीतरी काहीतरी सोडलेलं असतंच, १८४० पासून. कडा, वजन, मोटर, स्टॅबिलायझर, सुरुवातीचे चार मिलिमीटर. रिव्ह्यू वाचताना "यात काय काय आहे" ही यादी नंतर बघा. आधी "यात काय सोडलंय" ते शोधा, आणि मग तुम्ही काढलेले शेवटचे शंभर फोटो उघडा. जे सोडलंय ते त्या शंभरांत कितीदा लागलं असतं? क्वचितच, तर डोळे मिटून घ्या. दर दुसऱ्या फोटोला, तर पैसे साठवा, थांबा.

आणि ही सगळी उठाठेव लवकर करा. माझ्यासारखी दोन वर्षांनी नको.

तो हळदीचा फोटो आप्पांनी फ्रेम करून घेतला. मी म्हटलं, "आप्पा, हललाय तो." ते म्हणाले, "असू दे. हळद लावतीय ते कळतंय की." गावच्या घरी माजघरात तो लावलेला आहे. मागच्या वर्षी त्याच अंगणात धाकट्या बहिणीची हळद झाली. बल्ब तेच दोन, पिवळे. या वेळी आई उठली हळद लावायला. मी एफ/२.८ वर, एक साठांशात फोटो काढला. आईच्या बोटांवरची हळद दिसतेय, नखांत अडकलेलीसुद्धा.

तो फोटो आप्पांनी आजीच्या फोटोशेजारी लावलाय.

चला, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या किट लेन्सनं चुकवलेला एखादा फोटो असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटू पुढच्या रविवारी.